पहिल्या व्याख्यानाची तयारी: पाचट, पोस्टकार्डं आणि चहाची गाळणी

मी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर समोर मातीच्या पिशव्या, काचेची भांडी आणि नोंदवह्या. बोलणं होतं ते शेतकऱ्यांशी, तेही एका वेळी एकाशी, टेबलापलीकडून. त्यामुळे यंदा, म्हणजे २०२४ च्या नवरात्रात, आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नमुना द्यायचा असेल. त्यांना व्याख्यान हवं होतं. "५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन आहे मॅडम. यंदाच्या मालेतलं तिसरं पुष्प तुम्ही गुंफायचं. विषय 'माती वाचवा'."

मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि दोन दिवस फोन केला नाही. भीती वाटत होतीच. पण "नाही" म्हणायला सबबही सापडेना, कारण विषय माझ्या रोजच्या कामातला. शेवटी फोन करून होकार दिला आणि लगेच चार गोष्टी विचारून घेतल्या: किती वेळ, कोण येणार, कुठे, आणि माझ्याआधी-नंतर कोण बोलणार. पहिल्यांदा बोलणाऱ्या प्रत्येकाने हे चार प्रश्न होकार देतानाच विचारावेत, नंतर विचारायला संकोच वाटतो. उत्तरं अशी मिळाली: चाळीस मिनिटं आणि वर प्रश्नोत्तरं, श्रोते बहुतेक ऊस उत्पादक, थोडे शिक्षक, निवृत्त मंडळी, कॉलेजची काही मुलं, जागा वाचनालयाचं पटांगण, अध्यक्ष असणार, पण ते "दोन शब्द" बोलणार. या "दोन शब्दां"वर पुढे येते.

सरकारी नोकरीत असल्यामुळे परवानगी लागणार होती. इथे ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी तपशील देते. आधी आयोजकांकडून लेटरहेडवर निमंत्रण मागवा. त्यात तारीख, वेळ, विषय आणि मानधनाचा आकडा स्पष्ट असू द्या. फोनवरच्या निमंत्रणावर अर्ज पुढे सरकत नाही. ते पत्र जोडून मी ९ ऑक्टोबरला वरिष्ठांमार्फत अर्ज दिला, स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेतला. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. साहेब निवडणुकीच्या कामावर, टेबलावरचे लिपिकही निवडणुकीच्या कामावर. मध्ये दिवाळी. अर्ज कुठे आहे हे विचारलं की "मतमोजणी होऊ दे" एवढंच उत्तर. २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली आणि पत्र माझ्या हातात पडलं २८ तारखेला. अटी तीन: कार्यालयीन वेळेत कार्यक्रम नको, शासनाच्या धोरणावर भाष्य नको, आणि मानधन घेतल्यास कळवायचं. तोवर वाचनालयाची पत्रिका छापून वाटूनही झाली होती. परवानगी आली नसती तर काय, हा विचार करत महिनाभर काढला, आणि तयारी मात्र चालू ठेवली. तो निर्णय बरोबर ठरला. पत्राची वाट पाहत बसले असते तर हातात एक आठवडा उरला असता.

तयारीची सुरुवात विषय कापण्यापासून. 'माती वाचवा' हे पत्रिकेवर शोभतं, पण त्यावर बोलायचं काय? धूप, क्षारपड जमिनी, रासायनिक खतं, मृदा आरोग्य पत्रिका, सगळंच त्यात बसतं. सगळं सांगायला गेलं की ऐकणारा घरी काहीच नेत नाही, हे मी इतरांच्या भाषणांत बसून पाहिलेलं आहे. म्हणून एका कागदावर एक प्रश्न लिहिला: ऐकून उठलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय करावं अशी माझी इच्छा आहे? आमचा भाग कृष्णाकाठचा, उसाचा. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झालेला. ५ डिसेंबरला कुणाचा ऊस नुकताच तुटलेला असणार, कुणाचा तुटायचा असणार. आणि ऊस तुटला की पाचट, म्हणजे रानात उरलेली उसाची वाळलेली पानं, पेटवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. उत्तर तिथेच मिळालं: "यंदा पाचट पेटवू नका." पत्रिकेवरचा विषय तसाच राहू दिला, भाषण मात्र या एका वाक्याचं करायचं ठरवलं.

मग लिहायला बसले. फुलस्केप वीस पानं भरली. जागतिक मृदा दिन ५ डिसेंबरलाच का, तर तो थायलंडचे राजे भूमिबोल यांचा जन्मदिवस, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१४ पासून तो अधिकृतपणे पाळायला सुरुवात केली, इथून आरंभ. पुढे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ ची, तीत तपासले जाणारे बारा घटक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि मग जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. माहिती सगळी खरी. मोठ्याने वाचायला लागले तेव्हा तिसऱ्या पानावर मलाच कंटाळा आला. कागदावर लांब वाक्य चालतं, कारण वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. "ज्या जमिनींमध्ये सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी असते अशा जमिनींची जलधारणक्षमता" हे तोंडाने म्हणून बघा. त्याऐवजी "रान भुसभुशीत असेल तर पाणी धरतं" असं म्हटलं की बसल्या जागी माना हलतात.

लिहिण्यापेक्षा बोलून तयारी करायची, हे तेव्हापासून ठरलं. मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि शब्द मोजले. माझा वेग मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास निघाला. म्हणजे चाळीस मिनिटांत पावणेपाच हजार शब्द, तेही कुठे न थांबता. प्रत्यक्षात थांबावं लागतं, पाणी प्यावं लागतं, कुणी मध्येच काही बोलतं. म्हणून पस्तीस मिनिटांचाच ऐवज धरला. प्रत्येकाने स्वतःचा वेग असा एकदा मोजून ठेवावा. रेकॉर्डिंग ऐकणं मात्र शिक्षा आहे. मी दर दोन वाक्यांनी "म्हणजे काय, की" म्हणते, हे मला माहीतच नव्हतं. ते घालवायचा उपाय मला एकच लागू पडला: तिथे गप्प बसायचं. समोरच्याला तो क्षणभराचा थांबा खटकत नाही, "म्हणजे काय, की" खटकतं.

आता आकड्यांचं. पाचट शेतातच कुजवायची शिफारस अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. हे पाठ म्हणून दाखवलं तरी पटांगणात बसलेला माणूस ते लक्षात ठेवेल कसा? म्हणून ते सगळं एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढायचं ठरवलं. भाषणात एकच आकडा ठेवला: हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. "एवढं शेणखत विकत घ्यायचं झालं तर ट्रॉलीचा दर काय चाललाय, ते तुम्हीच मला सांगा." शेणखत आणि पाचट एक नव्हे, हे मलाही कळतं. तेही पुढच्याच वाक्यात सांगायचं ठेवलं, नाहीतर पहिल्या रांगेतला एखादा जाणकार तिथेच पकडतो, आणि पकडावंच.

पण पाचट कुजून मातीत येणारा आणि मातीचे कण धरून ठेवणारा सेंद्रिय कर्ब दाखवायचा कसा? इथे प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी कामी आली. सुपारीएवढी दोन ढेकळं, एक दरवर्षी पाचट पेटवलेल्या रानातलं, दुसरं बरीच वर्षं पाचट ठेवणाऱ्याच्या रानातलं. सावलीत पूर्ण वाळवायची. दोन काचेच्या बरण्यांत पाणी, वर चहाच्या गाळण्या अडकवायच्या, गाळणी पाण्यात बुडेल अशा. त्यांत ढेकळं सोडायची. पहिलं ढेकूळ बघता बघता विरघळायला लागतं, पाणी गढूळ होतं. दुसरं पाण्यात तसंच बसून राहतं. प्रयोग सोपा आहे, पण प्रामाणिकपणे करायचा तर काही पथ्यं आहेत. दोन्ही रानं एकाच प्रकारच्या जमिनीची हवीत, ढेकळं एकाच खोलीवरची हवीत, आणि चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या, रानातलं ढेकूळ घ्यायचं नाही, कारण ते सोडियममुळे तसंही विरघळतं आणि आपण दोष पाचट जाळण्याला देतो. ढेकळं वाळवताना मात्र जीव टांगणीला लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाच्या मागोमाग आमच्याकडेही हवा ढगाळ झाली. ओलसर ढेकूळ फसवतं, लवकर फुटतच नाही. म्हणून जास्तीची ढेकळं आणून स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे वर्तमानपत्रावर मांडून ठेवली.

सराव घरातच. सासूबाई समोर बसल्या. त्यांनी आयुष्यभर शेती केलेली. मी नमस्कार-चमत्कार करून मुद्द्यावर आले आणि त्यांनी हात वर केला. "ते समदं खरं. पर पाचाट ठिवल्यावर उंदरं हुत्यात, त्येचं काय? आन् पाणी पाजायचं कसं? सरीत पाणीच पुढं सरकत न्हाई." मी म्हटलं, "शेवटी प्रश्नोत्तरं आहेत, तेव्हा सांगणार." त्या म्हणाल्या, "माणूस तवर त्येच घोकत बसंल. तुजं ऐकंल कशाला?"

भाषणाची सगळी रचना त्या एका बोलण्याने बदलली. फायदे आधी आणि अडचणी शेवटी असा माझा क्रम होता, तो उलटा केला. आरंभच असा: "तुम्ही पाचट का पेटवता, ते मी आधी सांगते. चुकलं तर दुरुस्त करा." मग उंदीर, पाण्याची अडचण, खोडव्याचे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचे, फुटवे नीट येत नाहीत ही समजूत, शेजाऱ्याने पेटवलं की आपलंही जातं ही भीती. प्रत्येकावर उपाय: पाचट सरीत दाबून बुडखे उघडे ठेवायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाणी अडत असेल तर एका सरीत पाचट आणि दुसरी सरी पाण्याला मोकळी. उंदरांवर माझ्याकडे पक्का उपाय नव्हता. बंदोबस्त करावा लागतो, एवढंच खरं बोलायचं ठरवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी जागा बघून आले. हे कुणी चुकवू नये. पटांगणाच्या एका बाजूला रस्ता, आणि हंगामात त्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, टेपवर गाणी लावून. स्टेजचं तोंड रस्त्याकडून फिरवून घ्यायला सांगितलं, आणि ते लगेच मान्य झालं. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिस ठाण्यातून काढायचं काम वाचनालयाकडे होतं. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे वेळ सायंकाळी साडेसहाची. माइकवाल्याकडे कॉलरला लावायचा माइक नव्हता. मला प्रयोगासाठी दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून वाकवता येणाऱ्या दांडीचा माइक टेबलावर घ्यायचं ठरलं. माइक तोंडासमोर धरला की 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे वाजतात. तो हनुवटीच्या जरा खाली, चार बोटं दूर ठेवायचा आणि आवाज थेट त्यात न सोडता त्याच्यावरून जाऊ द्यायचा, हे माइकवाल्यानेच शिकवलं. त्याने आजवर ऐकलेल्या वक्त्यांची नक्कलही करून दाखवली. ती इथे लिहीत नाही.

मुद्द्यांसाठी पोस्टकार्डं वापरली. वाऱ्याने उडत नाहीत, हात थरथरला तरी कागदासारखी फडफडत नाहीत, आणि अजून पन्नास पैशांना मिळतात. टपाल कार्यालयात वीस मागितली तर बाईंनी विचारलं, "लग्नाची आमंत्रणं का?" एका कार्डावर एकच मुद्दा, मोठ्या अक्षरात, वर क्रमांक. पूर्ण वाक्य लिहायचं फक्त पहिलं आणि शेवटचं. आणि ज्या कार्डांवाचून भाषण अडणार नाही, त्यांच्या कोपऱ्यात लाल टिंब. थायलंडचे राजे, बारा घटक, कर्बाची टक्केवारी, सगळ्यांना लाल टिंब.

परिचयही मीच पाच ओळींत लिहून कार्यवाहांना आधी दिला. नाहीतर ऐनवेळी कुणीतरी आपल्याला "जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ" करून टाकतं आणि पहिली दोन मिनिटं ते खोडण्यात जातात.

५ डिसेंबर. त्याच संध्याकाळी साडेपाचला मुंबईत आझाद मैदानावर नव्या सरकारचा शपथविधी होता. साडेसहाला पटांगणात वाचनालयाचे सेवक, माइकवाला आणि मी. बाकी गाव टीव्हीसमोर. माणसं जमायला सात वाजून गेले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, आणि प्रास्ताविक. प्रास्ताविकाची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तिथून झाली. आमच्या गावापर्यंत यायला प्रास्ताविक करणाऱ्यांना बराच वेळ लागला. अध्यक्षांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून "दोन शब्द" ते आधीच बोलले. त्यांचे दोन शब्द संपले तेव्हा सव्वाआठ झाले होते. कार्यवाहांनी चिठ्ठी सरकवली: "८.४० पर्यंत आटपावे. शेवटची एसटी नऊला."

खुर्चीत बसून तो तास काढणं हेच सगळ्यात कठीण. तळहात ओले, तोंड कोरडं, पहिलं वाक्य आठवेना. दुपारी अर्धीच भाकरी खाल्ली होती ते बरं. मी काय केलं, तर टेबलाखाली पायांची बोटं आवळायची आणि सोडायची, आणि श्रोत्यांत ओळखीचे तीन चेहरे शोधून ठेवायचे, एक डावीकडे, एक मधे, एक मागे. चिठ्ठी आल्यावर मात्र घबराट कमी झाली, कारण हाताला काम मिळालं. लाल टिंबाची कार्डं काढून पर्समध्ये टाकली. उरलेलं पंचवीस मिनिटांत बसणारं होतं.

"व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार" एवढ्यावर संबोधन संपवलं. नावं घेतली नाहीत. नंतर एका मान्यवरांची थोडी नाराजी कानावर आली, ती चालवून घेतली. पहिलं वाक्य म्हणताना आवाज कापला. दुसरं म्हणताना कमी. "तुम्ही पाचट का पेटवता" यावर मागून कुणीतरी ओरडलं, "उंदीर!" आणि हशा झाला. तिथून पुढे मी बोलत होते असं म्हणण्यापेक्षा आम्ही बोलत होतो.

बरण्यांच्या वेळी हात थरथरत होते, हे मला ठाऊक होतं. म्हणून ढेकळं सोडायला पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलाला वर बोलावलं. बरण्यांमागे पांढरा पुठ्ठा लावला होता, नाहीतर मागच्यांना काही दिसलं नसतं. त्याने दोन्ही गाळण्यांत एकदमच ढेकळं सोडली. मी गप्प राहिले. स्टेजवर अर्धं मिनिटही फार लांब वाटतं, काहीतरी बोलून ते भरून काढावंसं वाटतं. पण लोक उठून पुढे येत होते. डावीकडच्या ढेकळाची कड सुटली, मग बुडबुडे, मग मातीची धार गाळणीतून खाली उतरायला लागली. "आरं, चाललं की!" कुणीतरी म्हणालं. उजवीकडचं तसंच. कर्बाच्या टक्केवारीचं कार्ड पर्समध्ये होतं ते एका परीने बरंच झालं.

प्रश्नांना दहा मिनिटं मिळाली. पहिल्या गृहस्थांनी प्रश्नाऐवजी भाषणच केलं. त्यांना मध्येच तोडायचं नाही, श्वास घ्यायला थांबले की "यातला पाचटाचा मुद्दा मी घेते" म्हणायचं. एकाने उसाच्या एफआरपीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दरावर, विचारलं. परवानगीपत्रातली अट आठवली आणि "ते माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचं आहे" असं सरळ सांगितलं. प्रश्न माइकवर पुन्हा म्हणून दाखवायची सवय ठेवा. मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो, आणि आपल्याला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. माहितीपत्रकं भाषण संपल्यावर दारात वाटली. आधी वाटली असती तर सगळे खाली मान घालून वाचत बसले असते.

खर्च माझ्या खिशातून असा झाला: पोस्टकार्डं १० रुपये, बरण्या १८०, गाळण्या ८०, दीडशे झेरॉक्स ३००. एकूण ५७०. मानधन पंधराशे रुपये, शाल आणि नारळ. पाच हजारांच्या आतल्या पावतीला रसीदी तिकीट लागत नाही, असं मी खजिनदारांना सांगितलं. "राहू दे मॅडम, ऑडिटर कटकट करतो" म्हणत त्यांनी ते चिकटवलंच, आणि मी त्यावर आडवी सही केली. दुसऱ्या आठवड्यात मानधनाची माहिती आणि एक पानी अहवाल कार्यालयात दिला.

त्यानंतर प्रयोगशाळेत पाच-सहा जण जिवाणू कुठे मिळतात हे विचारून गेले. एकाने सांगितलं की त्याने भाषणाच्या आदल्याच दिवशी पेटवलं होतं. आता शेजारच्या गावच्या विकास सोसायटीने जानेवारीत बोलावलंय, वीस मिनिटांसाठी. लेटरहेडवरचं निमंत्रण मागवून अर्ज दिलाय. या वेळी आचारसंहिता नाही, तरी पत्र अजून यायचंय.